ऊन असेपर्यंत घर दाखवणाऱ्या बाई

आमच्या वसाहतीच्या टोकाला जो पिवळा बंगला आहे, त्यात दिवस मावळल्यावर ‘काहीतरी’ असतं, अशी कुजबुज एके काळी घरोघरी होती. पुरावा काय, तर घरं विकणाऱ्या एजंट बाई स्वतः पाच वाजल्यानंतर त्या घरात पाऊल टाकत नसत. या कुजबुजीला तिखटमीठ लावण्यात माझाही हात होता, कशाला नाकारू? पेन्शनीतल्या माणसाला दुसरा उद्योग तो काय!

त्या बाईंना आम्ही उजेडबाई म्हणायचो. कारण त्यांचं ठरलेलं वाक्य, “घर बघायचं ते उजेडात.” वसाहत तशी उन्हाचीच. रुंद रस्ते, बसकी घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, त्यावर पोरांच्या आडव्या पडलेल्या सायकली, दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत. त्यांच्या ऑफिसची जाहिरातही तीच: भरपूर ऊन, शाळा जवळ, शेजार प्रेमळ. शेजार म्हणजे आम्ही. आता जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

काम मात्र चोख. गिऱ्हाईक यायच्या आधी रिकाम्या घरात बाई एकट्याच तासभर फिरत. दारापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं, डावीकडे न्हाणीघर, तिथला उंबरा चार बोटं उंच. सगळं तोंडपाठ. मग गिऱ्हाइकाकडे तोंड करून, उलटं चालत, घर दाखवायच्या. लोक खूश. माझी बायको म्हणाली, “बघा, नाहीतर तुम्ही! स्वतःच्या घरात चाळीस वर्षं त्याच स्टुलाला ठेचकाळताय.”

पण चारचा ठोका पडला की बाईंचा नूर पालटे. बोलताबोलता नजर खिडकीकडे. संध्याकाळच्या वेळेसाठी फोन आला की “साडेसहाला नको हो, तेव्हा बरं दिसत नाही,” एवढंच म्हणत. झालं! आम्हाला तेवढं पुरे. बरं दिसत नाही, म्हणजे दिसतं तरी काय?

बाईंना खरी धास्ती होती ती नोकरीची. घरी म्हातारी आई, मिळवणारं दुसरं कोणी नाही. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या एजंटाला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा साहेबांनी त्याला आठवड्यात घरी बसवलं होतं. निरोपाचा चहासुद्धा नाही. बाई तेव्हा तिथेच कागद चाळत बसल्या होत्या, मान खाली घालून.

आणि मग तो बंगला बघायला एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि मुलाची आई. त्या आईला सगळे सासूबाईच म्हणत. बंगल्याची कुजबुज त्यांच्या कानावर गेली. (बागेतल्या बाकावर. बाकावर कोण होतं ते विचारू नका.) सासूबाईंनी फर्मान काढलं, “मी घर बघेन ते दिवस मावळल्यावरच. दिवसा काय, सगळीच घरं गुणाची असतात.”

साहेब उजेडबाईंना म्हणाले, “आज सहाला. नाही म्हणायचं नाही. तुमच्या नखऱ्यांमुळे त्या घराचं नाव गेलंय.”

बाई दोनलाच तिथे पोचल्या. घर तीनदा पायाखाली घातलं. मागचं दार उघडून अंगणात उतरल्या, चढल्या, परत उतरल्या. तीन पायऱ्या. चारला आईला औषध द्यायला घरी गेल्या. नेमका त्याच वेळी मालकानं बोलावलेला गवंडी आला आणि फुटक्या पायऱ्या नव्यानं बांधायच्या म्हणून त्यानं त्या उखडल्या. बाईंना कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सहाला अंधारून आलं. घर बंद, त्यामुळे वीज तोडलेली. मुलगा आणि सून मोबाइलचा दिवा घेऊन न्हाणीघरातले नळ तपासायला गेले. स्वयंपाकघरात या दोघीच उरल्या.

“घामाघूम झालात की हो,” सासूबाई म्हणाल्या. “इथे काही आहे का खरंच?”

“छे छे! काही नाही.”

“मग चला, मागचं अंगण दाखवा.”

“या ना. माझा हात धरा. तीन पायऱ्या आहेत, रुंद आहेत अगदी.”

दार उघडलं आणि बाईंनी पाय टाकला.

सासूबाईंनी किंचाळून त्यांचा दंड मागे ओढला. दोघी फरशीवर आपटल्या. दाराबाहेरच्या अंधुक उजेडात सरळ दिसत होता खड्डा, आणि खड्ड्यात उभ्या लोखंडी सळया.

“अहो, पाय कुठे टाकताय? पायऱ्या कुठायत?”

सासूबाई जवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, “माझी बोटं किती, सांगा बरं.”

“दोन.”

“मी हात वर केलेलाच नाही.”

आतून नळाचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, “कुणाला सांगू नका. माझं काम जाईल.”

“आणि तुमचा हात धरून मी गेले असते तर? माझ्याऐवजी कडेवर पोर घेतलेली कुणी असती तर?”



मुलगा धावत आला. “आई, काय झालं?”

“काही नाही रे, पाय घसरला.” मग बाईंच्या कानाशी, “आठ दिवस देते. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.”

दोघी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं फाटकाबाहेर आल्या. समोरून मी त्यांना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दूध येईपर्यंत अख्ख्या वसाहतीला ठाऊक झालं की सासूबाईंनाही ‘ते’ दिसलं.

ते आठ दिवस बाईंनी कसे काढले असतील! फोन वाजला की दचकत. आईनं विचारलं तर म्हणत, जेवण जात नाही. सातव्या दिवशी साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

बंगला सासूबाईंनीच घेतला. त्या आता माझ्या शेजारीण. हे सगळं त्यांनी मला गेल्या वर्षी सांगितलं, आणि वर बाकावरच्या बडबडीबद्दल माझी अशी हजेरी घेतली की मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्या घरात कधीच काही नव्हतं. एजंट बाईंना डोळ्यांचा आजार होता. दिवस मावळल्यावर त्यांना चार वर्षांपासून दिसत नव्हतं.