स्नेहाची कमी लावलेली दोन वर्षं

कागदपत्रांच्या बाबतीत छायाचा हात धरणारं सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या सबंध चाळीत कोणी नव्हतं. परभणीकडून नवं बिऱ्हाड आलं की आधी तिच्या दारात यायचं. दाखला कुठं मिळतो, आधारची रांग कुठल्या वारी कमी असते, सगळं तिच्या जिभेवर. दिवसभर साड्यांना खडे चिकटवत बसायची आणि चिकटवता चिकटवता सल्ले द्यायची. त्यातला एक ठरलेला: "लेकराचं वय दोन वर्षं कमी लाव, माय. गावाकडं-इकडं करण्यात शाळा बुडती. मग घोडं झाल्यावर खालच्या वर्गात कोण बसू देतंय?"

स्वतःच्या स्नेहाचंही तिनं तेच केलं होतं. पोरगी गावी घरातच जन्मली, तेव्हा तारीख आपल्याच हातात! आणि ती खोटी तारीख बाईनं इतकी घोकली, की वाढदिवससुद्धा त्याच दिवशी करायची.

पण स्नेहाची उंची काही वाढेना. धाकटा शुभम तिच्या डोक्याच्या वर निघून गेला. गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनीच तिला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरबाईंनी उंची मोजली, वय विचारलं, तक्त्यावर टिंब काढलं आणि म्हणाल्या, "आठ वर्षांच्या मानानं ठेंगणी आहे, पण रेषेच्या आत आहे. सहा महिन्यांनी परत आणा." रेषेच्या आत आहे ना, मग झालं! सहा महिन्यांनी जायचं ती छाया वर्षानं उगवली, आणि तीही शुभमचा खोकला हटेना म्हणून.

डॉक्टरबाईंनी आठवणीनं स्नेहालाही भिंतीला उभं केलं. एकशे अठरा सेंटिमीटर. वर्षात वाढली ती फक्त दोन. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग शुभमची फाईल उघडली, त्याचा सुरतेतलाच जन्मदाखला पाहिला, परत स्नेहाचं आधार कार्ड पाहिलं आणि चष्मा काढला.

"छायाबेन, या दोघांत पाच महिन्यांचं अंतर आहे. हे कसं झालं?"

अगं बाई! एवढी हुशार, आणि हिला बोटांवर मोजायचं सुचू नये? साऱ्या चाळीला शहाणपण शिकवणारी छाया आता पदराआड बोटं मोजू लागली. खोटं उघडं पडलं तर शाळेतून पोरीचं नाव काढतील, हीच धास्ती आधी मनात आली. शेवटी ती पुटपुटली, "दोन वर्षं कमी लावलीत. खरी अकराची आहे ती."

"अकरा?" डॉक्टरबाई जवळजवळ ओरडल्याच. त्यांनी पेन उचललं आणि टिंब दोन घरं उजवीकडे नेलं. ते सगळ्या रेषांच्या पार खाली, कोऱ्या जागेत पडलं. तक्ता वाचायला काही शिकावं लागत नाही.

"ही उंची सात वर्षांच्या मुलीची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहान वयाची समजून मी थांबले. मला थायरॉइडचा संशय येतोय. आजच रक्त द्या, हाताचा एक्स-रे काढा. तेच निघालं तर रोजच्या गोळीनं पुढची वाढ होईल. पण वाया गेलेलं वर्ष मी कुठून आणू? गेल्या वेळी एक शब्द बोलला असतात तर!"

"मला काय माहीत हो!" छाया रडकुंडीला आली. "शाळेचं वय ते शाळेपुरतं, असंच वाटलं. डॉक्टरला खरं वय लागतं, हे कुणी सांगितलंच नाही मला!"

स्नेहा खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिनं आईकडं पाहिलं.

"मी सांगत होते की त्या दिवशी," ती म्हणाली. "तू मला चिमटा काढलास."