भंगारात न गेलेली गाडी

मुकुंदवाडीच्या सिग्नलला क्लच दाबला आणि माझी टाच गाडीच्या तळातून खाली गेली. वाकून पाहिलं तर फाटक्या मॅटच्या कडेला जालना रोडचं डांबर दिसत होतं. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवा म्हटलं, टाच सोडवली आणि पुढं निघाले.

घरी येऊन पुण्यातल्या मुलाला फोनवर हे सांगून बसले. "आई, भंगारात दे ती," तो म्हणाला. "मोबाइलवरून रिक्षा येते आता दारात." त्यात काळजी होती, नाही म्हणत नाही. पण मला संताप आला. साठी उलटलेल्या बाईला नवी गाडी कुणी घेऊन देत नाही. ही गेली की माझं चालवणं कायमचं संपलं. मग उंबऱ्याबाहेर पडायचं तरी आधी कुणाला तरी सांगायचं, वर कारण द्यायचं. ते मला जमणार नव्हतं.

चिकलठाण्याकडं पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं गाडी जॅकवर चढवली, खालून पेचकस टोचला. पेचकस आरपार गेला.

"मावशी, हिच्यात आता काय नाय राहिलं. लई जिद्दच असंल तर वरून पत्रा मारून देतो. निघतील दोन सालं."

मी त्याच भागातल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करत निवृत्त झाले. आतलं सडकं झाकून आणलेला माल परत धाडण्यात माझी हयात गेली. मला हा ठिगळ लावायला निघाला होता.

"ठिगळ नको, मिस्त्री. चांगला पत्रा लागंपर्यंत कापा."

"अर्धी गाडी कापावी लागंल."

"मग अर्धी कापा."

सीट निघाल्या, खालचं जाजम निघालं. त्याखाली पत्र्याला तागाचे कुजके धागे चिकटले होते. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. पोतं, मी म्हणाले. एसी नसलेल्या गाडीत उन्हाळ्यात पायाखाली ओलं पोतं टाकायचं, ही आमच्याकडची रीत. मे महिन्यात पहिली पाळी सुटली की रणरणत्या उन्हात घरी येताना तेवढाच गारवा. मी दर उन्हाळ्यात ते न चुकता भिजवलं आणि त्या ओलीनं पत्रा खाल्ला.

मिस्त्री हसत सुटला. "आमचे अब्बा जीपमधी हेच करायचे. ऊपर से बोलते, इंजन ठंडा रहता है!"

मीही हसले. पश्चात्ताप बिलकूल झाला नाही. पत्रा सडला, पण मी त्या उन्हातून धड घरी पोचत राहिले.

शनिवारी मुलगा आला, मला शोधत थेट मिस्त्रीकडं. गाडीला तेव्हा तळच नव्हता. दार उघडलं की खाली जमीन. तो बघतच राहिला.

"आई, पण तुला जायचंय तरी कुठं?"

हे मला फार लागलं. बापाला त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "ठरलं की निघेन. तुला सांगूनच निघेन असंही नाही."

मिस्त्री हातातलं काम सोडून ऐकत उभा होता. तुमचं चालू द्या, म्हणून त्यालाही सुनावलं.

नवा पत्रा बसल्यावर मी त्याला खालून दिवा धरायला लावला आणि आत ओणवी होऊन सगळे सांधे पाहिले. एका कोपऱ्यातून उजेडाची रेघ आली. काम परत. "नाकात दम आणला मावशीनं," असं पुटपुटत त्यानं पुन्हा वेल्डिंग केलं. मग प्रायमर, त्यावर खालून काळा जाड थर. तेव्हा कुठं मी मान डोलावली.

गाडी आणायला गेले त्या दिवशी मुलगा सोबत होता. तो शेजारी बसला. बघते तर त्यानं दोन्ही पाय उचलून धरलेले. एवढा थोरला माणूस, गुडघे पार छातीशी.

"पाय खाली ठेव," मी म्हणाले. "चांगले जोरात ठेव. हा माल मी पास केलाय."

त्यानं हळूच पाय टेकवले, मग टाच आपटून पाहिली. मी पहिला गिअर टाकला.

"बोल," मी म्हणाले, "तुला कुठं सोडू?"