नणंदेच्या नावावर टाकलेलं दुखणं

चहा घ्या आधी. मी घातलेला घोळ सांगते, पण कप खाली ठेवूनच ऐका. या गोष्टीत हसण्याचाच सगळा घोटाळा आहे.

मी विद्यापीठात परीक्षा विभागात आहे. मध्यंतरी आमच्याकडं बायकांसाठी जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं सुरू झाली. आपापला डबा घेऊन यायचं आणि जेवता जेवता ऐकायचं. कधी इतिहास, कधी समाज, कधी आरोग्य. इतिहासाच्या दिवशी एक बाई संस्थानकाळातल्या मुलींच्या शाळांवर फार छान बोलल्या. आम्ही झुणका-भाकरी खात ऐकलं, शंका कुणालाच नव्हत्या. पंचाईत झाली ती आरोग्याच्या दिवशी.

त्या दिवशी डॉ. कांबळे आल्या होत्या. विषय होता चाळिशीनंतरच्या बाईचं शरीर. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "विचारा, लाजू नका." आता आमच्या बायका तुम्हाला माहीतच आहेत. स्वतःचं दुखणं स्वतःच्या नावानं सांगायची आमच्यात पद्धतच नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी त्यांच्या मैत्रिणीचं विचारलं. लेखा विभागातल्या बाईंनी शेजारणीचं. म्हणजे सगळं विद्यापीठ ठणठणीत, आजारी काय त्या बाहेरच्या.

मला विचारायचं होतं ते असं. शिंक आली, खोकला आला किंवा जोरात हसू आलं, की मला थोडी लघवी होते. आवरतच नाही. धाकट्याच्या जन्मापासून हे चाललंय. त्यापायी मी लांबच्या प्रवासाला जायचं सोडलं, लग्नाकार्यात हसणाऱ्या घोळक्यात बसायचं सोडलं. नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. तेव्हा विचारणं गरजेचंच होतं. मी उभी राहिले. मैत्रीण आणि शेजारीण दोघी आधीच वापरून झाल्या होत्या. तोंडातून निघून गेलं, "आमच्या नणंदबाईंना ना…"

सगळ्यांच्या माना हळहळून हलल्या. नणंदेवर काहीही ढकला, पुरावा कुणी मागत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हे खूप बायकांना असतं आणि बरंही होतं. साधे व्यायाम असतात. पण आधी तपासायला पाहिजे. घेऊन या त्यांना."

मी समाधानानं खाली बसले. आणि मग लक्षात आलं, की शेजारी डबा उघडून बसलेली आमच्या विभागातली संगीता उचगावला राहते. नणंदबाईंच्याच गल्लीत.

नणंदबाई म्हणजे आमच्या अक्का. नवऱ्याची थोरली बहीण. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान, आणि आवाज असा की उधारीवाले लांबच्या रस्त्यानं घरी जातात. माझ्या लग्नात आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी आचाऱ्याला जे काही सुनावलं, त्यानंतर तो माणूस त्या गल्लीत फिरकला नाही म्हणे. अशा बाईच्या नावावर मी भर सभेत हे टाकलं होतं.

संगीता काही वाईट नाही. उलट फार मायाळू आहे, आणि तिथंच सगळं बिघडलं. तिनं शपथ घालून एकीलाच सांगितलं. त्या एकीनंही शपथ घालून एकीलाच. बघता बघता अख्खी गल्ली अक्कांची काळजी घ्यायला लागली. भजनाला गेल्या की दाराजवळची जागा त्यांच्यासाठी राखलेली. जोतिबाला जायला गाडी ठरली, तर ड्रायव्हरला बजावून ठेवलं, "अक्का म्हणतील तिथं गाडी थांबवायची, का म्हणून इचारायचं न्हाय." आणि कहर म्हणजे त्यांच्यासमोर कुणी विनोद सांगेना. अक्का आल्या की चाललेली थट्टा थांबायची आणि सगळ्या गंभीर तोंडानं भाजीचे भाव बोलायला लागायच्या.

शनिवारी फोन आला. "शैला, उद्या ये. एकटी ये."

मी गेले. बसमध्ये माफीची वाक्यं पाठ करत गेले. बघते तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. अक्कांनी मला तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"काय अक्का?"

"येड पांघरू नको. कबनूरच्या लग्नात बघितलंस न्हवं? मी हसता हसता मधीच उठून गेलते तवा?"

मला काही उमजेना. मी नुसतीच मान हलवली. ती व्हय होती की न्हाय, हे माझं मलाही सांगता येणार नाही.

"थोरलीच्या बाळंतपणापासनं हाय हे मला," अक्का खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांना खालचा आवाज आहे हेच मला त्या दिवशी कळलं. "मालकास्नी ठाव न्हाय. आईला सुदिक बोलले न्हाय कधी. आन् तू, परक्या घरातनं आलेली पोर, माझ्यासाठी एवढ्या बायकांत उभी ऱ्हायलीस." आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मला अक्कांची फार माया आली आणि स्वतःची फार लाज वाटली. पण तुम्हीच सांगा, समोर एवढी मोठी बाई रडत असताना खरं कसं बोलायचं? मी पदर सावरला आणि म्हणाले, "आपलं माणूस आहे अक्का. दिसतं की आपल्याला."

मग त्यांना डॉक्टरांकडं मीच घेऊन गेले. त्या आत, मी बाहेर बाकावर त्यांची पिशवी सांभाळत. ज्या दारातून मला आत जायचं होतं, त्या दारातून मी दर वेळी त्यांना आत पाठवत होते. त्या नेमानं व्यायाम करायला लागल्या आणि काही महिन्यांत त्यांना चांगलाच गुण आला. मीही त्यांना विचारून विचारून चोरून व्यायाम करून बघितले. पण कुठला स्नायू आवळायचा हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. बहुतेक मी जबडा आवळत होते.

पुढं व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस आला. विषय, 'बाईला बाईचा आधार'. नणंदेसाठी सभेत उभी राहिले म्हणून त्यात माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, सगळं. अक्का पहिल्या रांगेत ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या. मी ठरवलं, आता पुरे. माईक हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, "मैत्रिणींनो, ते दुखणं अक्कांचं नव्हतंच. ते माझं होतं. माझंच आहे."

आणि मग टाळ्या. अशा टाळ्या, की मला पुढचं बोलताच येईना. संगीता डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "बघा की, नणंदेची लाज राखायला स्वतःवर घेतलं तिनं."

अक्का तर उठूनच उभ्या राहिल्या. "बस गं शैला, आता लपवायचं काय त्यात? माझंच हाय ते. मीच सांगते सगळ्यास्नी." आणि त्यांनी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे बाहेर पार्किंगपर्यंत. मग काय झालं कुणास ठाऊक, ग्रंथालयातल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, ती मैत्रीण मीच. लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या, शेजारीण मीच. त्या दिवशी विद्यापीठातली एकेक बाई स्वतःच्या नावानं बोलली. मी सोडून. माझं कुणी ऐकूनच घेत नव्हतं.

शेवटी अक्कांची अखेरची तपासणी होती. या वेळी त्यांनी मला हाताला धरून आतच नेलं. तपासून झाल्यावर डॉ. कांबळे म्हणाल्या, "अक्का, आता यायची गरज नाही." आणि माझ्याकडं वळून सहज विचारलं, "तुमचं काही आहे का?"

दार बंद. आत आम्ही तिघीच. इतकी सोय मला पुन्हा कधी मिळणार होती? मी घसा साफ केला.

"डॉक्टर, त्याचं असं आहे, आमच्या एका जावेला ना…"

पिशवी आवरता आवरता अक्का थांबल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"शैला," त्या म्हणाल्या, "मला भाऊ एकच हाय. तुला जाऊ कुठनं आली?"