माल्सुनबाईंचा अबोला

माल्सुनबाई प्रार्थनेला बसल्या की देवालासुद्धा कानात बोटं घालावी लागत असतील, असं कोरियातल्या आमच्या हेनामकडच्या त्या गावात सगळे म्हणत. तिथल्या चर्चमध्ये पहाटे पाचला सगळेच एकदम, आपापलं गाऱ्हाणं मोठमोठ्यानं मांडतात. शेजारचा काय मागतोय ते कुणाला कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. ऐकणारा वर बसलाय. तीस वर्षं त्या गलक्यात बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर चढलेला असे.

किमची, म्हणजे वर्षाचं कोबीचं तिखट लोणचं, घालायला दहा दिवस उरले आणि गारपीट झाली. तीही नेमकी माल्सुनबाईंच्या शेतात. बांधापलीकडे शेजारणीच्या, ओक्बुनच्या कोबीचं पान हललं नाही, इकडे नुसत्या चिंध्या. चर्चच्या किमचीला दरसाल दोनशे गड्डे बाईंचे असत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ओक्बुन तर प्रार्थनेत निम्मा वेळ डुलक्या काढायची.

"हा कुठला न्याय?" बाई आभाळाकडे बघून कडाडल्या. "मी घसा फोडून मागायचं आणि पिकायचं त्या डुलकीवालीचं? जा, बोलतच नाही मी तुझ्याशी!"

गेलं नाही तर लोक नावं ठेवतील, म्हणून त्या पहाटे चर्चला जात. आपल्या ठरलेल्या गादीवर ओठ घट्ट मिटून बसत. आतून मात्र पार धास्तावल्या होत्या. नवरा गेल्यापासून मनातलं बोलायला हा एकच तर उरला होता. त्यानंही पाठ फिरवली असेल तर?

चौथ्या पहाटे तो सगळा गलका चालू असताना त्यांच्या कानावर शेजारचं पुटपुटणं आलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"देवा, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवण्यात रात्र जाते, म्हणून इथं डोळा लागतो, तेवढं माफ कर," ओक्बुन म्हणत होती. "पण ताईंचं शेत झोपवलंस नि माझं राखलंस, हे काही बरं केलं नाहीस. निम्मे गड्डे त्यांना द्यायचेत रे, पण म्हणू कसं? तोंडावर फेकतील माझ्या. तूच काहीतरी सुचव."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. गारा का पडल्या, याचं उत्तर काही मिळालं नव्हतं. पण इतकी वर्षं आपण देवाला एक शब्द बोलू दिला नाही, हे त्यांना लख्ख कळलं, आणि इतकी लाज वाटूनही मन पिसासारखं हलकं झालं.

उजाडताच त्या हातगाडी घेऊन ओक्बुनच्या दारात हजर.

"अगं ए इन्सूची आई!" त्यांनी तिला लेकाच्या नावानं हाक मारली. "कोबी काढ."

"ताई?" ओक्बुन गडबडली. "कि... किती?"

"निम्मे म्हणालीस ना? आणि आज रात्री सासूपाशी मी बसते. तू झोप जरा, डोळे बघ कसे खोल गेलेत."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"ज्याला तू सांगितलंस, त्यानं!"

किमचीच्या दिवशी चर्चच्या अंगणात हसण्याखिदळण्याला ऊत आला होता. तिखटात माखलेलं पहिलं पान ओक्बुननं ताईंच्या तोंडात कोंबलं. दुसऱ्या पहाटे सगळे ओरडून प्रार्थना करत होते आणि माल्सुनबाई पुन्हा गप्प. पाळकसाहेब घाबरून जवळ आले.

"बाई, अजून अबोला?"

"छे हो!" बाई डोळे मिटूनच हसल्या. "सरका तिकडे, ऐकू द्या मला."