आबांना न आलेला वास

मूठभर तांदूळ घ्यायचे, मूठ तोंडाशी नेऊन आत एक ऊन श्वास सोडायचा आणि लगेच नाकाला लावायची. मग डोळे मिटून दोन क्षण गप्प. कामशेतच्या आमच्या दुकानात आलेला तांदळाचा प्रत्येक कट्टा, म्हणजे छोटं पोतं, आबांच्या या मुठीतूनच मागच्या गोदामात जायचा. "डोळं फसत्यात दादा, नाक न्हाई फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आबा बेडशाचे, माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे कामाला. नाक असं तिखट की त्याचा तापच जास्त. माझ्या लग्नात शिरा वाढला, तर भर पंक्तीत म्हणाले, "बेदाना कुबट हाय. वल्या पुठ्ठ्यात ठिवलाय." सासरे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पानाकडे. मागाहून पाहिलं तर बेदाण्याचं खोकं खरोखरच भिजलेलं होतं. लोणावळ्याला एका हॉटेलात तांदूळ पोचवायला गेलो, तिथं कॉफीचा कप त्यांनी नाकाशी नेऊन परत ठेवला. "ह्यात तळघराचा वास हाय," म्हणाले. वेटर बिचारा कपात वाकून तळघर शोधत राहिला.

आपपरभाव म्हणाल, तर नाव काढू नका. सख्ख्या जावयाचे चार कट्टे त्यांनी एकदा दारातून परत पाठवले होते. लेक त्या दिवाळीला माहेरी आली नाही. "रुसवा जातोय, वास न्हाई जात," एवढंच बोलले.

गेल्या पावसाळ्यानंतर तळेगावच्या एक शिक्षिका, आमचं जुनं गिऱ्हाईक, डब्यात शिजलेला भात घेऊन आल्या. "हुंगून बघा," म्हणाल्या. झाकण काढलं आणि मी मागेच सरलो. इंद्रायणी तांदळाचा घमघमाट कुठल्या कुठे. वर्षभर बंद कपाटाचा, कुजक्या पुठ्ठ्याचा वास. हमालानंही तोंड फिरवलं. मी आबांना गोदामातून बोलावलं.

आबांनी डबा नाकाशी धरला. पुन्हा धरला. "झ्याक हाय की. कुटंय वास?"

मला विश्वासच बसेना. आणि मग आठवलं, हा तांदूळ त्यांच्या जावयाच्या शेतातला. माझं डोकं फिरलं. "आबा, जावयाचा माल म्हणून नाक मिटून घेतलंत काय?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला खरंच वास आला न्हाई, दादा," म्हणाले, वहाणा घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. गोदामात मीच बसायला लागलो.

आठवड्याभरात आणखी तीन शेतकऱ्यांच्या तांदळाला तोच वास असल्याच्या तक्रारी आल्या आणि माझी पाचावर धारण बसली. नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दिले. तिथले एक साहेब गोदाम बघायला आले. तांदूळ राहिला बाजूला, त्यांनी कट्ट्यांखालच्या लाकडी फळ्या खरवडल्या. "या कशानं धुता?"

ब्लीचिंग पावडरनं. मीच धुवायला लावल्या होत्या. वडील होते तोवर फळ्या दसऱ्याच्या उन्हात वाळायच्या. गेल्या पावसाळ्यात फळ्यांना बुरशी धरली आणि मला दसऱ्यापर्यंत दम निघेना. पावडर चोळून ओल्याच परत लावल्या. "ऊन पडूंद्या," असं आबा म्हणाले होते. "जुनं पुराण सांगू नका," असं मी म्हणालो होतो.

साहेबांनी समजावलं. ती पावडर, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की हा वास तयार होतो. चिमूटभरही लागत नाही, वर ठेवलेला सगळा माल नासतो. "मग आमच्या आबांना कसा आला नाही?" मी विचारलं.

"दिवसभर इथंच बसायचे ना? मग नाकाला सवय होते. कळतच नाही."

त्या माणसाचं नाक मी मारलं होतं, आणि वर त्यालाच चोर ठरवलं होतं.

तसाच गाडीवर बेडशाला गेलो. आबा ओसरीवर बसले होते. "आबा, चुकलं माझं. वास फळ्यांचा होता. जावयाचा तांदूळ चांगला होता." आबा म्हणाले, "जरा हिकडं या." मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. मी वाकलो. त्यांनी माझ्या खांद्याशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"तुमच्या सदऱ्याला येतोय," ते पुटपुटले. "कुबट. लय येतोय." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "म्हंजी माझं नाक गेलं न्हाई दादा. इतकं दिस वाटत व्हतं, तुमी म्हनला त्येच खरं. जावयासाठी माझंच नाक खोटं बोललं आसंल."

"परत चला," मी म्हणालो. "फळ्या सगळ्या जाळून टाकतो."

"न्हाई. आता ह्ये नाक तितं न्यायचं न्हाई."

ते परत आले नाहीत. त्या दिवशी बेडशाच्या फाट्यावर मी गाडी थांबवली, बाही नाकाशी धरली आणि जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मला कसलाच वास आला नाही.