नभवीराचा घसा

रेडिओवरच्या मालिकेत नभवीर बोलायचा तो माझ्या घशातून. तो पडते पूल खांद्यावर तोलायचा. मी पाण्याची बादली उचलली की कंबर धरून बसायचो. घरात पाल दिसली की हाक बायकोला. तिने माझं नाव 'गगनभेदी' ठेवलं होतं. पण माइकसमोर आवाज असा लागायचा की पोरं रेडिओला कान चिकटवून बसत. नभवीराने कधी कुणाचा जीव घेतला नाही. चोराला लोळवायचा, मग वाकून विचारायचा, "फार लागलं नाही ना?"

मग नवी दिग्दर्शिका आली. माझ्या मुलीच्या वयाची, पण हुशार. तिच्या पहिल्याच भागात नभवीर तळघरात एका चोराची बोटं मोडतो आणि शेवटी मान.

"मॅडम, नभवीर असं करत नाही," मी म्हणालो.

"का नाही करत?"

मी संहितेची पानं उलटत राहिलो.

"तुमची ती पोरं आता चाळिशीला आलीत, काका. त्यांनी जग पाहिलंय. त्यांना चिडणारा माणूस हवाय."

बोलणं खोटं नव्हतं. बातम्या ऐकताना माझ्याही मनात चारदोन माना पिरगाळून होतात. हात मात्र चहाच्या कपापुढे जात नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आवाजवाल्याने टोपलीभर काकड्या आणल्या. हाडं मोडल्याचा आवाज काकडीचा. मला खर्जात गुरगुरायचं होतं, "आता देवाला हाक मार." गुरगुरलो, तर सर्दी झालेला बोकड बोलल्यासारखं वाटलं. काकडी कडाडली, चोर झालेला नट कण्हला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "फार लागलं नाही ना?"

आवाजवाला हसून लोळला. दिग्दर्शिका हसली नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. काकड्या संपल्या.

तिने मला बाजूला बसवलं. "काका, मुद्दाम करताय का?"

"नाही हो. मुद्दाम करायला अक्कल लागते."

आणि तेव्हा कुठे मला तिच्या 'का नाही करत?'चं उत्तर सुचलं. म्हणालो, "अंधाराच्या गोष्टीला माझी ना नाही. जरूर सांगा. पण तिच्यासाठी दुसरा माणूस आणा. घाबरलेला माणूस अंधारात नभवीराला हाक मारतो. हाच बोटं मोडायला लागला, तर त्याने हाक कुणाला मारायची?"

ती म्हणाली, "विचार करण्यासारखं आहे."

विचार झाला. दुसरा माणूस आणलाही, पण माझ्या जागी. तत्त्वासाठी मी नभवीर सोडला असं मी बाहेर सांगतो. खरं म्हणजे नभवीराने मला सोडलं. मला देऊ केली चोराची भूमिका. स्वाभिमानाने नकार द्यावा असं वाटलं होतं, पण तोंडातून "कधी यायचं?" निघालं.

तळघर, नव्या नभवीराचा खर्ज, काकड्या. माझी बोबडी वळली ती खरीच. गयावया केली, रडलो, मेलो. तो भाग गाजला. चाळिशीवाले खूश झाले. आमच्या शेजारणीने मात्र लेकीच्या कानावर हात ठेवून रेडिओ बंद केला, म्हणजे आम्ही दोघंही बरोबर निघालो: दिग्दर्शिकाही आणि मीही. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

सासूबाईंनी अख्खा भाग ऐकला. डोळे पुसत म्हणाल्या, "जावईबापू, इतकी वर्षं तुम्हाला ऐकतेय. आज पहिल्यांदा खरं वाटलं."