ना-हरकतीची सही

आज चाकणहून आलेल्या अशिलाच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता आणि मला शिंदेकाका आठवले. मी स्वतःचं ऑफिस उघडल्यावरचे ते पहिले अशील. कंपनीने त्यांना कामावरून काढलं होतं. नोकरी परत मिळावी म्हणून केस चालू होती आणि तोवर ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रोजावर जात.

एका संध्याकाळी ते तसेच कामावरून आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"ताई, दुसरा वकील बघितलाय. तुमची ना-हरकत लागती म्हणे."

मी कारण विचारलं.

"तुमचा अभ्यास लई हाय. पण समोरचा वकील ओरडला, की तुमी खाली बघता. घरचे म्हणत्यात, ओरडणारा पायजे. राग मानू नका."

त्यांनी पुढे केलेल्या ना-हरकतीच्या कागदाला त्यांच्या बोटांचं तेल लागलं होतं. त्यावर पेन चालेना. सही दोनदा गिरवावी लागली.

नवा वकील भरपूर ओरडला. नोकरी काही परत मिळाली नाही.

आता मीही कोर्टात ओरडते. बाहेर आल्यावर अशील खूश असतात. "मॅडम, आज जोरात झालं," म्हणतात. ओरडण्याने निकाल बदलत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. सांगितलं तर तेही ना-हरकत मागतील.